घोड्याचा ताप उतरतो आणि पुन्हा येतो: गोचीड तापाचा माग कसा काढायचा

लग्नसराई सुरू झाली की ही तक्रार हमखास येते. घोडं चांगलं चाललं होतं, लागोपाठ वराती केल्या, मग एका सकाळी चंदीला तोंड लावलं नाही. अंग तापलेलं, मान खाली. इंजेक्शन दिलं, दुसऱ्या दिवशी खायला लागलं. महिना-दीड महिन्याने पुन्हा तेच. मालक म्हणतो, "डॉक्टर, औषधात आता दम राहिला नाही." नाहीतर म्हणतो, "याचं रक्तच खराब आहे, एकदा काय ते साफ करून द्या."

औषधात बहुतेक वेळा खोट नसते. आपल्याकडच्या घोड्यात एकदा शिरलेला हा परजीवी सहसा घोडा सोडून जातच नाही. औषधाने दबतो, घोडं ठणठणीत दिसतं, आणि अंगावर ताण आला की पुन्हा डोकं वर काढतो. त्यामुळे "कायमचं साफ" करण्याच्या मागे लागण्यापेक्षा हा ताप नेमका कोणत्या प्रकारचा आहे, तो का उलटला आणि गोचीड कुठून येते, हे शोधणं जास्त फायद्याचं. ते कसं शोधायचं ते खाली लिहितो. औषधाचा डोस ठरवणं मात्र जनावर समोर पाहणाऱ्या डॉक्टरचंच काम, हे लक्षात ठेवून वाचा.

रोग कोणता

घोड्याच्या तांबड्या रक्तपेशींत शिरणारे मुख्य परजीवी दोन: थायलेरिया इक्वी आणि बबेसिया कॅबॅली. दोघांच्या आजाराला मिळून पायरोप्लाझ्मोसिस म्हणतात, बोलीत गोचीड ताप. जुन्या पुस्तकात पहिल्याचं नाव बबेसिया इक्वी असं सापडेल. १९९८ मध्ये ते बदललं, कारण हा परजीवी तांबड्या पेशींत जाण्याआधी पांढऱ्या पेशींत एक फेरी वाढून घेतो. बबेसिया थेट तांबड्या पेशीत शिरतो. हा फरक केवळ अभ्यासकांच्या कामाचा नाही. बबेसिया कॅबॅली औषधाला लवकर नमतो आणि काही घोड्यांत चार-एक वर्षांत आपोआपही निघून जातो. थायलेरिया इक्वी चिवट, घोड्याला तो बहुधा जन्मभर चिकटतो.

एक गैरसमज आधीच दूर करतो. संकरित गाईंना होणारा गोचीड ताप वेगळ्या परजीवींमुळे होतो. गाईचा ताप घोड्याला लागत नाही आणि घोड्याचा गाईला लागत नाही. पण गोचिडी मात्र दोघांच्या सामाईक असतात. सगळा घोळ तिथेच होतो, त्याच्याकडे पुढे येतोच.

आधी थर्मामीटर, मग सुई

ताप आहे हे हाताने कपाळ चाचपून ठरवू नका. घोड्याचं नेहमीचं तापमान साधारण ९९ ते १०१ अंश फॅरनहाइट असतं. गोचीड तापात ते १०४ च्या वर जातं. सकाळी कामाला जुंपण्याआधी एकदा आणि संध्याकाळी घोडं थंड झाल्यावर एकदा, असं दोन वेळा गुदद्वारात थर्मामीटर घालून मोजा आणि भिंतीवर किंवा वहीत लिहा. उन्हातून आलेल्या घोड्याचं तापमान लगेच घेतलं तर ते चढलेलंच दिसणार, म्हणून निदान तासभर सावलीत उभं राहू द्या. थर्मामीटरला दोरा आणि चिमटा बांधून चिमटा शेपटीच्या केसांना लावला तर तो आत जाण्याची किंवा पडून फुटण्याची भीती राहत नाही.

मग डोळा पाहा. खालची पापणी ओढून आतला रंग बघा. आधी तो फिका पडतो, पेशी फुटत गेल्या की पिवळट होतो. आतल्या कोपऱ्यातल्या तिसऱ्या पापणीवर टाचणीच्या टोकासारखे लाल ठिपके दिसले तर ते नोंदवा. हिरड्यांवरही हेच बघायचं. लघवी दाट चहासारखी किंवा कॉफीसारखी झाली असेल तर तांबड्या पेशी मोठ्या प्रमाणावर फुटताहेत. असं थायलेरियात जास्त दिसतं. लीद कमी, बारीक, कोरडी, कधी वर चिकट आवरण. पाय आणि पोटाखालचा भाग सुजतो. निवांत उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ च्या आसपास असते. रक्त कमी झालेल्या घोड्यात ती उभ्या जागी साठ-सत्तर पडते, छातीवर हात ठेवला तर ठोके हाताला लागतात.

जुनाट प्रकारात यातलं काहीच ठळक नसतं. घोडं खातं, पण अंगी लागत नाही. कातडीचा तजेला जातो, पूर्वी सहज ओढायचं तो चढ आता अर्ध्यात थांबून ओढतं. अशा घोड्याला लोक जंताचं औषध देत राहतात. जंतही असतील, पण पापणी बघितल्याशिवाय तिथेच थांबू नका.

रक्त कधी काढायचं

सगळ्यात जास्त गडबड इथे होते. ताप आला की प्रथम इंजेक्शन, ताप उतरला की "आता तपासून घेऊ" म्हणून रक्त. मग रिपोर्ट येतो, परजीवी दिसले नाहीत. दिसणार कुठून? औषधाने ते रक्तातून जवळजवळ नाहीसे झालेले असतात. रक्त ताप चढलेला असताना आणि औषधाच्या आधी घ्यायचं.

सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या काचेसाठी कानाच्या कडेच्या बारीक शिरेतलं रक्त चांगलं, कारण परजीवी असलेल्या पेशी बारीक वाहिन्यांत जास्त सापडतात. केस कापून, स्पिरिटने पुसून, जागा पूर्ण वाळू द्या. ओल्या स्पिरिटमध्ये पेशी फुटतात. टोचल्यावर एक लहान थेंब काचेच्या टोकाला घेऊन दुसऱ्या काचेच्या कडेने एका दमात पातळ ओढा. हवेवर वाळवा, तोंडाने फुंकू नका. आणि पागेत काच उघडी ठेवू नका: माश्या येऊन रक्ताचा थर चाटून टाकतात, प्रयोगशाळेत जाळी पडलेली काच पोचते आणि दोष तपासणाऱ्याच्या माथी येतो. वाळलेली काच कागदात गुंडाळून डबीत. वर घोड्याची ओळख, तारीख आणि त्या वेळचं तापमान लिहा.

सूक्ष्मदर्शकाखाली थायलेरिया इक्वी पेशीच्या आत चार-चारच्या गटात दिसला की फुलीसारखी आकृती तयार होते. ही आकृती दिसली की शंका उरत नाही. बबेसिया कॅबॅली मोठा, नाशपातीच्या आकाराचा, जोडीने. पण तो रक्तात इतका विरळ असतो की भरतापातही शंभर पेशींत एक सापडेलच असं नाही. म्हणून काच स्वच्छ आली तरी रोग नाही असं म्हणता येत नाही.

काचेबरोबर जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त आणि लाल झाकणाच्या नळीत सीरमसाठी रक्त द्या. नळ्या बर्फाच्या डब्यात, पण बर्फाला थेट चिकटवून नाही. हिस्सारचं राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्र घोड्यांच्या रोगांचं निदान करतं. आपल्याकडे पुण्यात औंधचा रोग अन्वेषण विभाग आहे, परळ आणि शिरवळची पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. जवळच्या सरकारी दवाखान्यातून नमुना पाठवणं सोयीचं पडतं.

आता रिपोर्ट वाचण्याबद्दल. एलायझा (रक्तातली प्रतिद्रव्यं शोधणारी चाचणी) पॉझिटिव्ह म्हणजे घोड्याच्या अंगात त्या परजीवीविरुद्ध प्रतिद्रव्यं आहेत, म्हणजे संसर्ग झाला होता किंवा आहे. आजचा ताप त्यामुळेच आलाय असं त्यातून ठरत नाही. पीसीआरचंही (परजीवीचाच अंश शोधणाऱ्या चाचणीचं) तेच: वाहक, म्हणजे आजारी न दिसता परजीवी बाळगणाऱ्या घोड्याच्या रक्तातही तो अंश सापडू शकतो. आपल्याकडच्या उघड्यावर वाढलेल्या मोठ्या वयाच्या घोड्यांत पॉझिटिव्ह येणं नवलाचं नाही. मी तरी तीन गोष्टी जुळल्याशिवाय गोचीड ताप म्हणत नाही: चढलेला ताप, घसरलेलं रक्त (हेमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण, साधारण ३२ ते ४८ टक्के हवं) आणि काचेवर परजीवी, किंवा ते नसले तर बाकीचे ताप नाहीत याची खात्री.

दिसायला तसाच, पण तो नव्हे

सर्रा. आपल्याकडे हा सगळ्यात मोठा फसवा. ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय नावाचा परजीवी, पसरवतात डांस (डास नव्हेत, चावऱ्या मोठ्या माश्या) आणि घोडमाश्या. ग्रिफिथ इव्हान्स या ब्रिटिश लष्करी पशुवैद्याने १८८० मध्ये डेरा इस्माइल खानला (आता पाकिस्तानात) घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात तो पाहिला. ताप उतरतो-चढतो, घोडं वाळत जातं, पोटाखाली आणि पायांवर सूज, डोळे फिके. ऐकायला तंतोतंत गोचीड ताप. फरक असा की सर्रात भूक बऱ्याचदा टिकून असते आणि पुढे मागचे पाय लटपटतात. पावसाळ्यात आणि त्यानंतर, डबकी आणि डांस वाढले की याची शंका आधी घ्या. गोचीड तापावर सर्रास मारलं जाणारं डायमिनाझिन (लोक 'बेरेनिल' म्हणतात ते) सर्रालाही थोडाफार दाबतं. म्हणून घोडं दोन दिवस बरं दिसतं, सर्वांना वाटतं निदान बरोबर होतं, आणि सर्रा आतून चालूच राहतो. सर्राचं औषध वेगळं, क्विनापायरामीन. ताज्या रक्ताचा ओला थेंब काचेवर घेऊन लगेच बघितला तर हा परजीवी वळवळताना दिसतो, म्हणून शक्य असेल तिथे जनावरापाशीच बघावं.

अचानक काळसर लघवी, पण ताप नाही, आणि मागचे पुठ्ठे दगडासारखे कडक: दोन दिवस ठाणावर उभं ठेवून पूर्ण चंदी दिली आणि तिसऱ्या दिवशी एकदम कामाला जुंपलं, असं झालंय का ते विचारा. तो स्नायूंचा आजार आहे, रक्ताचा नव्हे. त्यात चालवत नेलं तर आणखी बिघडतं.

नाकातून घट्ट स्राव, अंगावर गाठी फुटून जखमा: ग्लँडर्स या घोड्यांच्या जीवघेण्या संसर्गजन्य रोगाची शंका. माणसालाही होतो. २००६ साली महाराष्ट्रात तो आढळला होता. तिथे सुई-औषधाच्या भानगडीत न पडता जनावर वेगळं करून सरकारी दवाखान्याला कळवायचं, कायद्याने ते बंधनकारक आहे.

ताप परत आला, तर किती दिवसांनी?

तारखांची वही इथे उपयोगी पडते.

आठ-दहा दिवसांत उलटला तर मला दोनच शंका येतात: डोस अपुरा पडला किंवा निदान चुकलं. डोस अपुरा का पडतो? वजन अंदाजाने धरलं म्हणून. बुटकं पण भरलेलं घोडं दिसायला दोनशे किलोचं वाटतं. टेप घ्या. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणा आणि ११,८८० ने भागा. घेर १५० आणि लांबी १४५ असेल तर वजन सुमारे २७५ किलो निघतं. दोनशे धरून औषध दिलं असतं तर पाऊण डोसही गेला नसता.

दोन ते पाच आठवड्यांनी उलटला आणि मधल्या काळात नवं घोडं आलं, चराऊ रान बदललं किंवा अंगावर पुन्हा गोचिडी सापडल्या, तर नवा संसर्ग धरून चाला. गोचीड चावल्यापासून ताप येईपर्यंत थायलेरियाला साधारण १२ ते १९ दिवस लागतात, बबेसियाला १० ते ३०. एक बारकावा: थायलेरिया अंगात असलेल्या घोड्याला पुन्हा थायलेरियाचा जोरदार ताप सहसा येत नाही, पण त्यामुळे बबेसियापासून बचाव होत नाही. एकाच घोड्याला दोन्ही असू शकतात.

ताप महिन्यांनी उलटतो, गोचिडी फारशा नाहीत, पण प्रत्येक वेळी आधी काहीतरी घडलंय: ट्रकचा लांबचा प्रवास, यात्रेतली गर्दी, लागोपाठच्या वराती, खच्ची करणं, घोडीचं विणं, दुसरा एखादा आजार. हा जुना वाहक. परजीवी घरचाच, ताणामुळे उफाळला. यात एक कारण मालकाच्या ध्यानात नसतं: डेक्सामेथासोनसारखी स्टिरॉइडं. लंगडतंय म्हणून दिलं, अंगावर पित्त उठलं म्हणून दिलं, आणि त्याने प्रतिकारशक्ती खाली आली की दबलेला परजीवी वर येतो. मागच्या इंजेक्शनांची चिठ्ठी जपून ठेवा आणि डॉक्टरला दाखवा.

औषधं, आणि "रक्त साफ" करण्याची घाई

इमिडोकार्ब हे मुख्य औषध. बबेसियाला किलोमागे २.२ मिलिग्रॅम, चोवीस तासांच्या अंतराने दोनदा, एवढं बहुधा पुरतं. थायलेरिया अंगातून पुसून टाकायचा तर किलोमागे ४ मिलिग्रॅम, ७२ तासांच्या अंतराने चार वेळा, असा जड कोर्स. तो सोसणं सोपं नाही. इंजेक्शननंतर थोड्याच वेळात लाळ गळते, घाम फुटतो, पोटात कळा येतात, पातळ होतं. यकृत आणि मूत्रपिंडावर भार पडतो. म्हणून डॉक्टर आधी कळ कमी करणारं औषध देतात आणि नंतर काही वेळ घोड्यापाशी थांबतात. तो थांबतो तेव्हा चहाला न्यायची घाई करू नका. औषध स्नायूतच द्यायचं, शिरेतून कदापि नाही.

गाढव आणि खेचर पाळणाऱ्यांनी हे नीट वाचा. गाढवाला इमिडोकार्ब घोड्यापेक्षा फार जास्त बाधतं, जड कोर्सने गाढवं दगावतात. आणि गाढव बहुधा काही न दाखवता परजीवी बाळगून असतं. जेजुरीच्या पौष पौर्णिमेच्या बाजारातून आणलेलं धडधाकट गाढव घोड्यांशेजारी बांधताना हे लक्षात असू द्या.

गाईच्या थायलेरियावर बुपारव्हाक्वोन छान चालतं, म्हणून ते घोड्यालाही देण्याचा मोह होतो. घोड्यात त्याने परजीवी काही काळ रक्तातून दिसेनासे होतात, पण जात नाहीत. डायमिनाझिन स्वस्त आणि हाताशी असतं, पण टोचल्या जागी घोड्याला मोठी सूज येते आणि चुकीच्या डोसाने विषबाधा होते. मेडिकलमधून आणून स्वतः टोचण्याचं ते औषध नव्हे.

आता "साफ" करण्याबद्दल माझं मत. २००९ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या एका मोठ्या रांचवर चारशेहून जास्त घोडे थायलेरिया इक्वीने बाधित निघाले. तिथे तो रोग एरवी नाहीच, म्हणून एकेक घोडा शोधून बाधितांना वेगळं काढायचं, नाहीतर जड कोर्सने परजीवीमुक्त करून पुन्हा पुन्हा तपासायचं, याला अर्थ होता. त्यातल्या बहुतेकांच्या अंगातून परजीवी गेलाही. आपल्याकडे गोचीड, शेजारच्या पागेतला वाहक घोडा, रस्त्यावरचं गाढव सगळं जागच्या जागी. साफ झालेला घोडा पुढच्या मोसमात पुन्हा बाधित होणार, आणि आधीचा थोडका परजीवी त्याला जे संरक्षण देत होता तेही गेलेलं असणार, म्हणजे नवा ताप जास्त जोराचा. परदेशी पाठवायच्या शर्यतीच्या घोड्याची गोष्ट निराळी. अनेक देश पॉझिटिव्ह घोडा आत घेत नाहीत, तिथे साफ करण्याचा खर्च वसूल होतो. टांग्याच्या, वरातीच्या किंवा धनगराच्या तळावरच्या घोड्याला ताप आला की वेळेवर दाबायचा, रक्त भरून येऊ द्यायचं, विश्रांती द्यायची आणि गोचीड तोडायची. मी तरी हाच सल्ला देतो.

विश्रांती म्हणजे खरोखर विश्रांती. ताप उतरला म्हणून तिसऱ्या दिवशी वरातीला नेलेलं घोडं रस्त्यात बसतं. फुटलेल्या पेशी भरून यायला काही आठवडे लागतात. पापणी गुलाबी झाल्याशिवाय जुंपू नका. वरातीची सुपारी गेली तर गेली.

गोचीड: गाय पुरवते, घोडा भोगतो

गोचीड डोळ्यांनी शोधू नका, बोटांनी शोधा. खरारा करताना दुसरा हात उघड्या कातडीवरून फिरवायचा. कानाच्या आत, आयाळीखाली मुळाशी, जबड्याच्या खाली, दोन पुढच्या पायांच्या मध्ये, तंगाच्या जागेवर, जांघेत, कासेवर किंवा नराच्या शिस्नाच्या पिशवीवर, आणि शेपटी उचलून गुदद्वाराच्या भोवती. रक्त पिऊन फुगलेली मादी एरंडीच्या बीएवढी, ती कुणालाही सापडते. रोग देण्याच्या दृष्टीने तिच्यापेक्षा न फुगलेला, चपटा नर जास्त खोडकर: तो एका घोड्यावरून शेजारच्या घोड्यावर सरकतो आणि दोघांनाही चावतो.

रोज हात फिरवायचा फायदा असा की गोचीड चावल्या क्षणी परजीवी आत जात नाही. गोचीड रक्त प्यायला लागल्यावर तिच्या लाळग्रंथीत तो तयार व्हायला काही दिवस लागतात. त्याआधी काढली तर संसर्ग टळण्याची शक्यता चांगली. चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल ओतणं, विडीचा चटका देणं बंद करा. नखाने चिरडू तर मुळीच नका. हायलोमा जातीच्या गोचिडी माणसांत क्रायमियन-काँगो ताप पसरवतात, २०११ मध्ये गुजरातेत त्याने माणसं दगावली आहेत. साबणाच्या पाण्याच्या बरणीत टाका.

आता सामाईक गोठ्याचं गणित. हायलोमाची पिल्लं एका जनावरावर रक्त पितात, गळून भिंतीच्या फटीत शिरतात, कात टाकतात आणि मोठ्या होऊन दुसऱ्या जनावरावर चढतात. लहानपणी वाहक घोड्याचं रक्त प्यायलेली गोचीड मोठेपणी दुसऱ्या घोड्याला चावली की थायलेरिया पोचला. थायलेरिया गोचिडीच्या अंड्यांत सहसा उतरत नाही, म्हणून प्रत्येक नव्या पिढीला तो घोड्याकडूनच घ्यावा लागतो. बबेसिया कॅबॅली मात्र अंड्यांतूनही जातो. म्हणजे अजून घोडा न पाहिलेलं गोचिडीचं पिल्लूही तो घेऊन जन्मतं. गाई-म्हशी परजीवी देत नाहीत, पण गोचिडींची फौज त्यांच्या रक्तावर पोसली जाते. फुगलेली एक मादी हजारोंनी अंडी घालते. घोड्यावर महागडं औषध मारून शेजारी बांधलेल्या चार गाई तशाच सोडल्या, तर पंधरवड्यात घोड्यावर गोचीड पुन्हा दिसणारच.

त्याच गाईंच्या औषधात एक मोठा धोका लपलेला आहे. गाईच्या गोचिडीवर अमिट्राझ फवारतात, आणि गाईवर ते चांगलं चालतं. घोड्याला अमिट्राझ लावू नका. त्याने घोड्याचं आतडं थांबतं, लीद अडते, पोट फुगतं, घोडं गुंगीत झुलतं आणि मरूही शकतं. वेगवेगळ्या नावांच्या बाटल्यांत ते विकलं जातं, म्हणून बाटलीवरचं घटकाचं नाव वाचा. गाईसाठी कालवलेली बादली, पंप, फडकं घोड्याकडे आणू नका. घोड्यासाठी परमेथ्रिन किंवा डॉक्टर सांगतील ते सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, लेबलवर लिहिलेल्या प्रमाणातच. तोंडावर फवारा मारायचा नाही, फडक्याने कानाच्या कडा आणि जबडा पुसायचा. पोटाखाली आणि जांघेत पोचलं का ते बघायचं, कारण बरेच जण पाठच भिजवतात.

फवारल्यानंतर दुसऱ्या दिवशी हात फिरवा. गोचिडी तशाच जिवंत, पाय हलवत असतील तर औषध त्यांना बाधत नाही. वर्षानुवर्षं एकच औषध वापरलेल्या गोठ्यांत हे घडतं. प्रमाण दुप्पट करू नका, डॉक्टरला विचारून औषधाचा गट बदला. तोंडाने द्यायची आयव्हरमेक्टिनची पेस्ट जंतांसाठी. गोचिडीसाठी तिच्यावर विसंबू नका, आणि गाईचं आयव्हरमेक्टिन इंजेक्शन घोड्याला टोचू नका.

अंगावर दिसतात त्याहून किती तरी जास्त गोचिडी भिंतीत आणि जमिनीत असतात. दगडी-मातीच्या भिंतीच्या फटी, लाकडी खांबाच्या चिरा, गव्हाणीची मागची बाजू. रात्री बॅटरी घेऊन बघा, फटीच्या तोंडाशी दिसतील. फटी बुजवून गिलावा आणि चुना. जुनी दगडी पागा असेल आणि जवळ कडबा, गवत, सुकी लाकडं काहीही नसेल तरच ब्लो-लॅम्प फिरवा. जनावरं बाहेर काढून भिंतीवर फवारणी, अंडी फुटून पिल्लं बाहेर येतात म्हणून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. उपाशी गोचीड महिनोन् महिने जगते, तेव्हा पागा महिनाभर रिकामी ठेवली की झालं, असं समजू नका. कोंबड्या सोडल्या तर त्या खाली पडलेल्या गोचिडी टिपतात खऱ्या, पण फटीत त्यांची चोच पोचत नाही.

गाभण घोडी, शिंगरू आणि बाजारातला घोडा

वाहक घोडीच्या पोटातल्या शिंगराला थायलेरिया होऊ शकतो. गर्भपात होतो, किंवा शिंगरू जन्मतःच मलूल, पिवळं, दूध न ओढणारं निघतं. पहिल्या दोन-चार दिवसांत पिवळं पडणाऱ्या शिंगराचं दुसरंही कारण असतं: आईच्या चिकातली प्रतिद्रव्यं त्याच्या पेशी फोडतात. तिथे उपाय अगदी उलटा, चीक तोडावा लागतो. म्हणून शिंगरू पिवळं दिसलं की घरी प्रयोग नकोत, त्याच दिवशी डॉक्टर.

दत्तजयंतीला सारंगखेड्याचा बाजार भरतो, तापीकाठी मारवाडी, काठेवाडी, पंजाबकडची घोडी शेजारीशेजारी उभी राहतात. नवं घोडं आणलं की थेट जुन्यांच्या ओळीत बांधू नका. निदान महिनाभर वेगळं ठाण, वेगळा खरारा, वेगळं फडकं. पहिल्याच दिवशी गोचिडी काढून फवारणी, आणि रोज दोन वेळा तापमान. मोठ्या किमतीचं जनावर असेल तर सौदा पक्का करण्याआधी रक्त तपासून घ्या. पॉझिटिव्ह आलं म्हणून सौदा मोडायचा असं मी म्हणत नाही. पण ते कळलं तर पहिल्या उन्हाळ्यात त्याला किती ओढायचं आणि गोचिडींवर किती कडक राहायचं हे ठरवता येतं.

आणि सुई. गोचीड एकही नसलेल्या पागेत गोचीड ताप पसरला तर आधी सुईचा विचार करा. एकाच सुईने ओळीने सगळ्या घोड्यांना टोचलं तर वाहकाच्या रक्ताचा अंश पुढच्याच्या अंगात जातो. लस टोचायला, जंताचं किंवा ताकदीचं इंजेक्शन द्यायला कोणीही आलं तरी दर घोड्याला नवी सुई आणि नवी सिरिंज मागा. वापरलेली सुई औषधाच्या बाटलीत पुन्हा बुडवू देऊ नका. दात घासायची कानस, रक्त लागलेली कात्री एका घोड्याकडून दुसऱ्याकडे नेण्याआधी उकळून घ्या. रक्त चढवायची वेळ आली तर देणाऱ्या घोड्याचं रक्त आधी तपासा, तो अंगाने कितीही धट्टाकट्टा असला तरी.